कुलपातली हेल्मेटं

तपासणीचे साहेब यायच्या दिवशी मुकादमांनी बांधकामावरचं कपाट उघडलं, हेल्मेटं आणि सुरक्षेचे पट्टे डोळे भरून पाहिले आणि पुन्हा कुलूप लावून किल्ली पँटच्या खिशात टाकली. माल नवाकोरा होता. वरचं प्लास्टिकसुद्धा कुणी फाडलेलं नव्हतं.

“मुकादम, आज तरी द्या की ती टोपडी!” विटा वाहणारी मावशी म्हणाली.

“साहेबांची गाडी फाटकात शिरली की देतो. आत्ताच दिली तर घामट करून ठेवाल.”

मागच्या खेपेला साहेबांनी बजावलं होतं, पुन्हा ढिलाई दिसली तर काम बंद आणि मुकादम घरी. काम बंद म्हणजे सगळ्यांच्याच चुली बंद. म्हणून मुकादमांनी ‘आधी सुरक्षा, मग काम’ असा भलामोठा फलक रंगवून तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर टांगला होता. पण तो लागला वाकडा.

“मिस्त्री, वर जाऊन सरळ करा.”

“परांचीची फळी बांधलेली नाही, मुकादम. मी नाही जायचो.”

“बांधून ठेवायला ती काय गाय आहे? घाबरट कुठले!”

मुकादम तरातरा स्वतःच चढले. फलक सरळ केला आणि तो कसा दिसतो ते पाहायला ऐटीत एक पाऊल मागे सरले. फळी सटकली आणि धाडकन खाली गेली. मुकादम तेवढे परांचीच्या पाइपला दोन्ही हातांनी लोंबकळत राहिले.

“पट्टा आणा! लवकर!”

“किल्ली कुठंय?”

“खिशात!”

“मग टाका खाली!”

“कशानं टाकू? दातांनी?”

मिस्त्रींनी घण उचलला. वरून केविलवाणा आवाज आला, “अहो, कुलूप नवं आहे!”

“मग राहू दे?”

“फोडा, फोडा!”

कुलूप फुटलं. सगळ्यांनी भराभर हेल्मेटं चढवली. मिस्त्री पट्टा बांधून वर पोचले. त्यांनी मुकादमांच्या अंगाला दुसरा पट्टा आवळला, डोक्यावर हेल्मेट बसवलं.

“प्लास्टिक तरी नीट काढायचं होतं,” मुकादम पुटपुटले.

“गप बसा, नाहीतर सोडतो.”

दोर लावून त्यांना हळूहळू खाली उतरवलं. पाय जमिनीला टेकतात न टेकतात तोच मागून टाळ्या ऐकू आल्या. साहेब!

“वा! बचावाचा सराव! प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट! आणि मुकादम, भेदरल्याचं सोंग तर काय वठवलंत! चेहरा अगदी पांढराफटक!”

मावशीनं चटकन सावरून घेतलं. “हौस आहे साहेब त्यांना. कुणाचं ऐकत नाहीत.”

“मग दर महिन्याला होऊ द्या. मी जातीनं बघायला येईन. आणि लटकायला मला हेच हवेत!”

तेव्हापासून कपाटाला कुलूप नाही. फळी न् फळी बांधलेली असते, दोर न् दोर ओढून पाहिलेला असतो. हे सगळं मुकादम स्वतः पाहतात, आणि एकदा पाहून त्यांचं समाधान होत नाही.

“माणसांची इतकी काळजी घेणारा मुकादम मी दुसरा पाहिला नाही,” साहेब म्हणतात.

“एका माणसाची तर नक्कीच घेतात,” मावशी म्हणते आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट करते.