भिंतीतून आलेला रस्सा

एक होतं जुनं घर. त्या घरात राहायचे एक साहेब, साहेबांची म्हातारी, त्यांचा थोरला मुलगा, थोरल्याची बायको, त्या दोघांची छोटी आणि लग्नाचा राहिलेला धाकटा. आणि जेवणाच्या खोलीच्या भिंतीत राहायची एक खिडकी. यातली म्हातारी म्हणजे मी. साहेब म्हणजे आमचे हे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सुपरवायझर होते. जन्मात कधी हातात पाना धरला नाही, पण खड्ड्याच्या काठावर उभं राहून खड्डा कसा खणावा हे सांगण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. रिटायर झाले, आता काठावर उभं राहायला खड्डा नाही, म्हणून ते माझ्या काठावर उभे राहतात.

आता खिडकीचं सांगते. ही खिडकी बाहेर उघडत नाही. तिच्या एका अंगाला माझा ओटा, दुसऱ्या अंगाला जेवणाचं टेबल. बोळातून वळसा घालून ताटं न्यायला नकोत म्हणून घर बांधणाऱ्या कुणा शहाण्याने भिंतीत चौकोनी भोक ठेवलं, रुंदीला एक पातेलं आणि दोन कोपरं. (कोपरं माझी. पूर्वी थोडी जास्त जागा उरायची.) ओट्याशी उभं राहिलं की त्यातून जेवणाऱ्यांची तोंडं दिसत नाहीत, फक्त ताटं आणि हात दिसतात.

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण हात मला वाचता येतात. थोरल्याचं लग्न ठरायच्या आधीच मला कळलं होतं, कारण पोरगा भातात चमचा फिरवत बसायचा. धाकट्याची पहिली नोकरी गेली तेव्हा घरात कुणाला सांगितलं नाही त्याने. मला सांगायची गरजच पडली नाही. पावाचे इतके बारीक तुकडे माणूस उगाच करत नाही. तोंडाने सगळे म्हणतात, काही नाही गं आई, मी ठीक आहे. हात तसं म्हणत नाहीत. तेव्हा ती खिडकी म्हणजे नुसतं भोक नव्हे. माझं घर मला तिथूनच कळतं.

तर झालं काय, धाकट्याने एक मुलगी पसंत केली. दातांची डॉक्टर. तिचे आईवडील तिला घेऊन आमच्याकडे जेवायला येणार असं ठरलं, आणि सूनबाई जेवणाच्या खोलीच्या दारात उभी राहून खोलीकडे असं बघायला लागली, जसं दुकानदार फाटक्या नोटेकडे बघतो. म्हणाली, खोली जरा फ्रेश करू. जरा. मला तेव्हाच कळायला हवं होतं. या घरात ‘जरा’ म्हणून सुरू झालेलं काम कधी जरा राहिलेलं नाही.

आधी नुसते पडदे बदलायचे होते. पडद्यांना भिंत शोभेना. भिंतीला दिवा शोभेना. दिवा बदलला, तर त्याच्या उजेडात बाकी सगळंच उघडं पडलं. मग सूनबाईने मोबाइलवर कुणाकुणाच्या जेवणाच्या खोल्या दाखवल्या. एकीतही जेवण दिसत नव्हतं, पण खोल्या छान होत्या. आणि एकीतही भिंतीला भोक नव्हतं.

खिडकी बुजवावी, भिंतीला वॉलपेपर लावावा, असं तिचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, खिडकी राहील. थोरला म्हणाला, मत घेऊ. जेवता जेवता मत घेतलं. सगळ्यांनी खिडकीविरुद्ध हात वर केले. ह्यांनीसुद्धा केला, आणि तो हात माझ्याच हातचं खाऊन माखलेला होता. मी खिडकीतून माझा हात बाहेर काढला. तर थोरला म्हणाला, सभा या खोलीत आहे आणि आई त्या खोलीत, त्यामुळे तिचं मत धरता येत नाही. हा मुलगा मी वाढवला.

आमच्या घराण्यात कारागीर बोलावत नाहीत. कारागीर बोलावणं म्हणजे ह्यांचा अपमान. ‘मी उभा आहे ना,’ असं हे म्हणतात, आणि खरंच उभे राहतात. ह्यांनी उभं राहून थोरल्याकडून मैद्याची खळ शिजवून घेतली. भोक बुजवायला विटा आणायच्या, तर विटांचा पसारा कोण आवरणार? मग माळ्यावरून फ्रिजचं जुनं खोकं उतरवलं, त्याचा पुठ्ठा बरोबर चौकोनी कापला, टेबलाच्या बाजूने चिकटपट्टीने बसवला आणि त्यावरून वॉलपेपर ओढला. बोटाने टकटक करून हे मला म्हणाले, ‘बघ, आवाजसुद्धा भिंतीसारखा येतो.’

आवाज फ्रिजच्या खोक्यासारखा येत होता. पण माझं मत धरायचं नाही असं ठरलंच होतं, म्हणून मी ते दिलं नाही.

वॉलपेपरवर फांद्या होत्या आणि फांद्यांवर पक्षी. भिंत पुरी झाल्यावर छोटी आली, बघत राहिली, आणि मग मान वाकडी करून पायांमधून बघायला लागली. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की पक्षी डोकं खाली करून लटकताहेत. हे जमिनीवर उभे राहून सूचना देत होते, थोरला शिडीवर होता. कुणाचं वर कुठलं आणि खाली कुठलं यात गुंडाळी उलटी लागली. हे जराही डगमगले नाहीत. म्हणाले, काही पक्षी असे बसतात. कुठले, ते सांगितलं नाही.

माझ्या बाजूने पाहाल तर भिंतीत एक कोनाडा उरला, मागे पुठ्ठा. सूनबाई म्हणाली, आई, तिथे तुम्हाला बरण्या ठेवता येतील. मी एकही बरणी ठेवली नाही. तिथे पातेली ठेवायची जागा आहे, आणि ती पातेल्यांसाठीच रिकामी राहील, असं मी जाहीर केलं. आणि दुसरंही जाहीर केलं: मी रांधीन, पण एक ताट बोळातून नेणार नाही. ज्याला जेवायचंय त्याने स्वयंपाकघरात येऊन न्यावं. ज्याला मला भेटायचंय त्यानेही.

धाकटा येऊन समजूत घालून गेला. पाहुणे आले की निदान बाहेर येऊन बस गं, म्हणाला. मी म्हटलं, ‘मला बाहेर यायला खिडकी होती. ती तुम्ही कागदाने चिकटवलीत.’ त्याचे हात बघायला हवे होते, पण ते त्याने खिशात घातले होते.

पाहुणे आले. मी ओट्याशी उभी. पलीकडून आवाज यायचे, पण उशीत तोंड घालून कुणी बोलावं तसे. मुलीचे वडील अबोल असावेत, कारण त्यांचं काहीच ऐकू येईना. आई शिवणाचे क्लास चालवणारी, तिचा आवाज कापडाला कात्री लावल्यासारखा सरळ. तिने विचारलं, ‘भिंतीवर वटवाघळं आहेत का?’ त्यावर कुणी काय उत्तर दिलं ते समजलं नाही. मग तिने माझं विचारलं. तेवढं सूनबाईचं उत्तर मात्र पुठ्ठ्यातून लख्ख आलं. म्हणाली, आईंचे गुडघे दुखतात, त्या कुणात मिसळत नाहीत.

माझे गुडघे आजही या घरातल्या सगळ्यांत मजबूत गुडघे आहेत. मिसळण्याचं म्हणाल, तर ज्याला भिंतीआड ठेवलं त्याने मिसळायचं कसं? पण मी बोलणार कुणाशी, फ्रिजच्या खोक्याशी? पलीकडे माझ्या धाकट्याचं आयुष्य ठरत होतं, ती मुलगी माझ्या घरात येणार की नाही ते ठरत होतं, आणि मला तिचं एक बोटसुद्धा दिसत नव्हतं. सूनबाई फेऱ्या मारून ताटं नेत होती. मी तिला विचारलं, मुलगी कशी जेवते? तर म्हणाली, छान. छान म्हणजे काय? भराभर की सावकाश? आधी दुसऱ्याला वाढते की स्वतःला? सूनबाई तोवर गेलीसुद्धा.

आता पुढचं नीट ऐका, कारण यावरून घरात अजून वाद आहेत.

आमच्या ह्यांची एक सवय आहे. रस्सा संपला की तोंडाने मागत नाहीत. चमचा ताटाच्या काठावर वाजवतात, टिंग टिंग. लग्न झाल्यापासून. तो आवाज आला की माझा हात पातेलं उचलतो आणि खिडकीतून पलीकडे ठेवतो. मी त्या वेळी काय करते, काय विचार करते, झोपेत आहे की जागी, याचा त्या हाताशी काही संबंध नाही.

तर पलीकडे वाजलं. टिंग टिंग.

हाताने पातेलं उचललं आणि ठेवलं.

पुठ्ठा अडवायला होता, पण त्याने फार मनावर घेतलं नाही. चिकटपट्टी सुटली, पुठ्ठा पलीकडे टेबलावर आडवा पडला आणि पातेलं त्याच्यावर, नेहमीच्या जागी, जाऊन बसलं. एक थेंब सांडला नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळे बाकीचंच बोलत बसले. पुठ्ठ्यावर कुठली बाजू वर ठेवायची ते दाखवणारा बाण होता. तोही खालीच बघत होता.

कागद मात्र वरून सुटला. अख्खा पट्टा, सावकाश, पक्ष्यांसकट, आधी वाकला, मग लवला, आणि भिंतीलगत मानाच्या खुर्चीवर बसलेल्या मुलीच्या वडिलांच्या डोक्यावरून पांघरुणासारखा उतरला.

सूनबाईने डोळे मिटून घेतले. मी वाकून खिडकीतून तोंड बाहेर काढलं. लपण्यासारखं मी काहीच केलं नव्हतं. वाढायचा डाव हातात होता, तो तसाच राहिला.

मग कागदाच्या आतून मुलीच्या वडिलांचे त्या संध्याकाळचे पहिले शब्द आले.

‘थोडा भातही मिळेल का?’

मुलगी हसली नाही की दचकली नाही. तिने वडिलांच्या डोक्यावरचा कागद दोन्ही हातांनी उचलला, खळ आतल्या बाजूला जाईल अशी घडी घातली आणि खुर्चीखाली ठेवली. नखं बारीक कापलेली. बोटं घाई न करणारी. मग वडिलांचं ताट खिडकीत सरकवलं, आणि ते मी भरून दिल्यावरच आपलं पुढे केलं. ‘काकू, मलाही,’ म्हणाली. माझी परीक्षा तिथे संपली. सगळ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली होती.

पण तिची आई उठली. खुर्ची मागे सरली तसा धाकटा पांढरा पडला. ती बाई थेट खिडकीपाशी आली आणि वाकून माझ्या तोंडासमोर तोंड आणून उभी राहिली.

‘खरं सांगू का,’ ती म्हणाली, ‘आम्ही नाही म्हणूनच निघणार होतो. ज्या घरात म्हातारं माणूस आत बसवून बाहेर त्याचे गुडघे सांगतात, त्या घरात मुलगी द्यायची कशी, असं मी मघापासून मनात म्हणत होते.’

‘मला कुणी बसवत नाही,’ मी म्हटलं. ‘मी रुसून बसले होते.’

‘भिंत फोडून आलात ते दिसलंच. आता माझी काळजी मिटली. तुमच्या घरात बाईमाणसाचं चालतं.’

‘चालत नाही,’ मी म्हटलं. ‘चालवावं लागतं.’

त्यावर ती बाई जी हसली, ती वडिलांना दुसऱ्यांदा भात वाढून होईस्तोवर हसतच होती. गोड खायच्या आधी लग्न ठरलं. हे उभे राहिले आणि पाहुण्यांना समजावून सांगायला लागले की पुठ्ठा मुद्दामच घातला होता, अडीअडचणीला निघावा म्हणून. विटा असत्या तर आज काय झालं असतं? मुलीच्या वडिलांनी मान डोलावली. त्यांच्या केसांत अजून खळ होती.

थोरला आजही म्हणतो, आईने मुद्दाम ढकललं. सूनबाई म्हणते, शंभर टक्के. ह्यांना विचाराल तर म्हणतील, मी चमचा वाजवलाच नव्हता. मी यांतलं काहीही कबूल करत नाही, आणि मला कबूल करायला लावेल असा कुणी अजून या घरात जन्मला नाही. हाताला विचारा.

खिडकी राहिली. सूनबाई वॉलपेपरसाठी चार दिवस रुसली, मग तिनेच खिडकीला लाकडी चौकट बसवून घेतली. (कारागिराकडून. हे त्या दिवशी दिवसभर बाहेर बसून होते.) उरलेले पक्षी उलटेच आहेत, आणि येणारा जाणारा विचारतो की ही नवीन फॅशन कुठे मिळाली. धाकट्याचं लग्न झालं. घर भरलं. नवी सून तिच्या दातांच्या दवाखान्यातून आली की हौसेने स्वयंपाकघरात शिरते, हाताला चव आहे, थोरलीचं आणि तिचं सख्ख्या बहिणींसारखं जमतं. देवाने याहून जास्त काय द्यावं? सगळ्यांनी मिळून मला सांगितलं, आई, तुम्ही पुष्कळ उभ्या राहिलात, आता टेबलावर मानाच्या खुर्चीवर बसा. बसले.

तेव्हापासून ओट्याशी नवी सून असते. काल मी नुसता गोडाच्या वाटीकडे हात नेला होता, नुसता नेला होता, तर खिडकीतून एक डाव आला आणि वाटी अलगद पलीकडे ओढून घेऊन गेला.