फ्रीजला मारलेली मिठी

पहिला फोटो

“धरा. असं नाही हो साहेब, घट्ट! बारा वर्षांनी भेटताय तुम्ही.”

“कुणाला?” हेडक्लार्कांनी विचारलं.

“याला.” चित्रकारानं फ्रीजकडे बोट दाखवलं.

हेडक्लार्क खरं तर भांडायला वर आले होते. त्यांच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली होती आणि ती ओल चित्रकाराच्याच मोरीतून येत होती, याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. काय बोलायचं ते त्यांनी जिन्यात घोकूनही ठेवलं होतं. पण चित्रकारानं दार उघडलं, यांना एकदा समोरून पाहिलं, एकदा बाजूनं पाहिलं आणि तो ओरडला, “हलू नका!” हेडक्लार्क हलले नाहीत. कचेरीत त्यांच्या आवाजानं माणसं हलायची. न हलण्याचा हुकूम त्यांना कुणी दिल्याला बरीच वर्षं झाली होती.

“आठवडाभर हा जबडा शोधतोय मी,” चित्रकार म्हणाला. “तुमच्या लक्षात नसेल आलं, पण हा समुद्र पाहिलेला जबडा आहे.”

हेडक्लार्कांच्या जबड्यानं समुद्र पाहिला नव्हता. चावण्यापलीकडे त्याला काही उद्योगच नव्हता. पण आजवर त्या जबड्याबद्दल बरं बोलणारं कुणी, अगदी दाताचा डॉक्टरसुद्धा, भेटलं नव्हतं. ते विरघळले. ओलीचं जिन्यातलं भाषण विरघळलं. पाच मिनिटांत ते कुणाचा तरी जाडजूड कोट घालून स्वयंपाकघरात उभे होते, खिडकीचा पडदा ओढलेला होता, आणि स्टुलावर ठेवलेला दिवा त्यांच्या उजव्या कानाला चटके देत होता.

“फोटो कशाला पण? तुम्ही चित्रकार ना?”

“मनानं काढलं की खोटं दिसतं, साहेब. कोपर वाकवलं की कोटाला चुणी कुठं पडते, सांगा बघू? नाही सांगता येत. मलाही नाही येत. म्हणून आधी माणूस उभा करायचा, फोटो काढायचा आणि त्यावरून चित्र. सगळे असंच करतात, कबूल कुणी करत नाही.”

“अहो, पण फ्रीज?”

“उंची बरोबर बसते. शिवाय हलत नाही. पूर्वी बायको उभी राहायची. गेल्या महिन्यात तिला मी तीन पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मारली, एकदा बुडवून आणि दोनदा सुरीनं. चौथ्यांदा म्हणाली, आता तूच मर.”

“म्हणजे चित्रात फ्रीज नसणार.”

“चित्रात फ्रीज कसा असेल हो!”

मग काय असेल? हा प्रश्न हेडक्लार्कांनी इथं विचारायला हवा होता. जो माणूस दुसऱ्याच्या अर्जातल्या स्वल्पविरामाचीही चौकशी करतो, त्यानं तर विचारायलाच हवा होता. पण तेवढ्यात चित्रकार म्हणाला, “डोळे मिटा,” आणि डोळे मिटल्यावर माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

दुसरा फोटो

हलला आहे. मिठी ऐन रंगात आलेली असताना फ्रीज सुरू झाला, आणि हेडक्लार्कांना वाटलं, त्यानं उसासा टाकला.

मध्ये, जिथं फोटो नाही

“बोललात का ओलीचं?” खाली आल्यावर बायकोनं विचारलं.

“हं.”

“मग? काय म्हणाला?”

“बघतो म्हणाला.”

यात खोटं काही नव्हतं. चित्रकारानं तासभर बघितलंच होतं. आता, मी फ्रीजला मिठी मारून आलो, हे वाक्य नवऱ्यानं बायकोला कसं सांगावं? सुरुवात कुठून करावी? हेडक्लार्कांनी दोन-तीनदा तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी पाणी मागितलं. पुढे आठवडे गेले, महिने गेले, आणि ती गोष्ट सांगण्याची वेळ टळून गेली.

मुखपृष्ठ

कचेरीत चहाच्या वेळी कॅशियरबाई कादंबरी वाचत बसायच्या. त्या दिवशी त्या वाचत नव्हत्या. पुस्तक मिटून त्या आळीपाळीनं मुखपृष्ठाकडे आणि हेडक्लार्कांकडे बघत होत्या.

“साहेब, रागावू नका,” त्या शेवटी म्हणाल्या, “पण हे तुम्ही का?”

चित्रात बंदर होतं. धुकं होतं. मागे एक जहाज होतं. आणि पुढे, तोच जाडजूड कोट घालून, डोळे मिटून, हेडक्लार्क एका बाईला कवटाळून उभे होते. बाई पाठमोरी होती. तिचे मोकळे केस कंबरेपर्यंत आले होते आणि तिचा एक हात हेडक्लार्कांच्या मानेवर होता.

हेडक्लार्कांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

“फ्रीज कुठाय?” ते म्हणाले.

कारकुनांपैकी एकानं त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

त्यांचं डोकं खरोखरच चालेना. तो जबडा त्यांचा होता, कोपर त्यांचं होतं, कानावरचा उजेडही त्यांच्याच कानाला पोळून गेला होता. म्हणजे हा क्षण घडला होता. मग ही बाई कुठून आली? फ्रीजला हात नव्हते, याची त्यांना खात्री होती. तरी त्यांचा स्वतःचा हात आपोआप मानेवर गेला आणि तिथं काही आठवतंय का ते चाचपून आला.

संध्याकाळी घरी आले तर दिवाणखान्याच्या मधोमध बॅग उघडी होती आणि बॅगेशेजारी तेच पुस्तक.

“वाचनालयातून आणलं,” बायको म्हणाली. ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर हेडक्लार्कांना हुरूप आला असता. “कोण ही?”

“फ्रीज.”

“काय?”

“अगं, तो फ्रीज आहे. वरच्यांचा. दोन दारांचा.”

बायकोनं पुस्तक उचलून त्यांच्या नाकासमोर धरलं. “फ्रीजचे केस कंबरेपर्यंत आलेत.”

“ते नंतर लावलेत!”

“आणि हात?”

“हाताचं मलाही कोडंच आहे,” हेडक्लार्क प्रामाणिकपणे म्हणाले.

“माणसानं खोटं बोलावं, पण ऐकणाऱ्याची थोडी तरी लाज राखावी.” तिनं दोन चादरी बॅगेत कोंबल्या.

“तो मीच कशावरून? बघ, या माणसाला डोकंभर केस आहेत.”

“हा कान मी रोज बघते. पेपराच्या वर तुमचा तेवढाच भाग दिसतो.” तिनं बॅगेची चेन ओढली. ती अर्ध्यात अडकली. “मी ताईकडे चाललेय. शोधायला येऊ नका. तुम्हाला पत्ता माहीत आहे, तरी येऊ नका.”

त्यांची बायको रागावून माहेरी जाणाऱ्यांपैकी नव्हती. इतक्या वर्षांत तिनं एकदाही बॅग काढली नव्हती. ती कुठल्या माळ्यावर असते हेसुद्धा त्यांना आज कळलं होतं.

“जाण्याआधी एकदा वर चल,” ते म्हणाले. “तुला फ्रीज दाखवतो.”

“फ्रीज मी पाहिलेला आहे.”

“मग बाई दाखवतो!” हेडक्लार्क ओरडले, आणि आपण नेमकं काय कबूल करून बसलो हे जिना चढताना त्यांच्या लक्षात आलं.

पुरावा

चित्रकारानं हकीकत ऐकली आणि तो मनापासून खूश झाला. “म्हणजे ओळखू आले साहेब! कान जमलाय ना? मला कानाचीच धास्ती होती.”

“बाई कुठाय?” वहिनींनी, म्हणजे हेडक्लार्कांच्या बायकोनं, विचारलं. जिना चढून त्यांना धाप लागली होती, पण बॅग त्यांनी हातातून सोडली नव्हती.

“कुठली बाई?”

“ही.”

“ही होय? ही मीच की.”

हेडक्लार्कांनी भिंतीचा आधार घेतला. फ्रीजची त्यांनी मनाशी कशीबशी सोय लावली होती. आता तिथं चित्रकार आला होता.

चित्रकारानं खणातून एक फोटो काढला. फोटोत कुणीतरी लांब गाऊन घालून, विग लावून, कपाटाच्या गळ्यात पडलं होतं. म्हणजे कपाटाला गळा असता तर. “टायमर लावून काढला. दोन दिवसांनी. तुम्हा दोघांना मी कॅनव्हासवर भेटवलं. म्हणजे साहेबांना आणि मला.”

“चेहरा दिसत नाही यात,” वहिनी म्हणाल्या.

“पाठमोरी आहे ना ती.”

“म्हणजे कुणीही असू शकते. बाईची कंबर आहे ही, बाप्याची नाही.”

“थँक्यू,” चित्रकार म्हणाला.

“करून दाखवा.”

“अहो वहिनी, बायको येईल आता कामावरून—”

“करून दाखवा, नाहीतर ही बॅग घेऊन मी अशीच खाली उतरणार, आणि प्रत्येक मजल्यावर थांबून कारण सांगणार.”

चित्रकार आत गेला. बाहेर आला तेव्हा त्यानं बायकोचा निळा गाऊन घातला होता आणि डोक्यावर विग होता. तो कपाटापाशी गेला, एक पाय किंचित वाकवला, मान कलती केली आणि कपाटावर असा काही हात ठेवला, की हेडक्लार्कांच्या मानेला मुंग्या आल्या. तोच हात होता. करंगळी तशीच, जराशी सुटी.

वहिनी कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पुस्तकातलं चित्र बघितलं, पुन्हा चित्रकाराची पाठ बघितली, आणि बॅग खाली ठेवली.

“सुटलो!” हेडक्लार्क म्हणाले. “पटलं ना? आता माझाही फोटो दाखवा हो हिला. फ्रीजचा. एकदा होऊन जाऊ दे.”

इथंच चुकलं. सुटलेल्या माणसानं मुकाट्यानं घरी जावं. पण कागद पूर्ण जोडल्याशिवाय हेडक्लार्कांना चैन पडत नसे. चित्रकारानं, गाऊन सावरत, खणातून साहेबांचा पहिला फोटो काढून दिला.

वहिनींनी तो दिव्याखाली धरला. फोटोत हेडक्लार्क होते, टकलासकट. गाल फ्रीजच्या दाराला टेकलेला. डोळे मिटलेले. दोन्ही हातांनी फ्रीज असा धरलेला, की तो गेला तर सगळंच गेलं. चेहऱ्यावर जे होतं त्याला काय म्हणावं ते हेडक्लार्कांनाही कळेना. आपण असे दिसतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

वहिनींचा आवाज एकदम बारीक झाला. “हे फ्रीजला?”

“फ्रीजलाच! सांगत होतो ना!”

“नुसत्या फ्रीजला.”

“अगदी रिकाम्या,” हेडक्लार्क विजयानं म्हणाले.

“बाई असती,” त्या म्हणाल्या, “तर मी समजले असते. म्हटलं असतं, असेल देखणी, पडला असेल मोह. मी दोन दिवस रडले असते आणि आले असते परत. पण आपल्या लग्नापासून आजतागायत मला एकदा तरी असं धरलंय का तुम्ही?”

हेडक्लार्कांना ऐकू आलं होतं, तरी ते “काय?” म्हणाले.

“मी ऑपरेशनहून घरी आले तेव्हा काय केलंत? पाठीवर थोपटलंत. दोनदा. पाकिटावर शिक्का मारल्यासारखं.” त्यांनी बॅग पुन्हा उचलली. “आणि या मेल्या पत्र्याच्या डब्याला…”

“अगं, तो म्हणाला म्हणून धरलं! डोळे मिटा म्हणाला, बारा वर्षं म्हणाला—”

“मग मला धरायलाही कुणीतरी सांगायला हवं होतं होय?”

या प्रश्नाला उत्तर होतं, आणि ते ‘हो’ असं होतं. ते देता येत नाही, एवढं मात्र हेडक्लार्कांना समजलं. वहिनी दाराकडे वळल्या. त्यांच्या पाठीकडे बघताना हेडक्लार्कांना वाटलं, ही पाठ आपण कधी नीट पाहिलेलीच नाही. रस्त्यात दिसली असती तर ओळखली नसती.

न काढलेला फोटो

ते पुढे झाले आणि त्यांनी तिला धरलं. बॅगेसकट. बॅग दोघांच्या मध्ये आली.

“डावं कोपर वर घ्या साहेब,” चित्रकार कुजबुजला. “उजेड अडतोय.”

“तुम्ही जरा बाहेर जा,” वहिनी म्हणाल्या.

“मी?”

“हो. दार ओढून घ्या.”

“अहो, पण हे घर माझं… आणि मी गाऊनमध्ये…”

“बाहेर!” हे दोघं मिळून म्हणाले. इतक्या वर्षांत दोघं मिळून एक शब्द म्हणाल्याचं हेडक्लार्कांना आठवत नव्हतं.

दार लागलं. बॅग खाली पडली. हेडक्लार्कांना काही सुचेना. कोपर कुठं ठेवायचं? गाल कुठं टेकवायचा? ती श्वास घेत होती, त्यामुळे सगळं सारखं वरखाली होत होतं आणि अंदाज चुकत होता. तिचा खांदा त्यांना वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ खाली होता. त्यांनी डोळे मिटून बघितलं. मग उघडले. मिटलेलेच बरे होते, पण मिटल्यावर ती दिसत नव्हती.

जिन्यात पावलं वाजली आणि थांबली.

“हे काय?” चित्रकाराच्या बायकोचा आवाज आला. “माझा गाऊन घालून जिन्यात काय करतोयस?”

“आत जाऊ नकोस गं.”

“का? कोण आहे आत?”

“खालचे साहेब आहेत आणि एक बाई.”

“कोण बाई?”

“त्यांची बायको.”

“ते आपल्या घरात? आणि तू असा बाहेर?” आवाज एक मजला वर चढला. शेजारचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग समोरचं. “काय चाललंय काय या इमारतीत?”

हेडक्लार्क दचकले. त्यांचे हात सैल पडले. “मी जाऊन नीट समजावून सांगतो त्यांना,” ते म्हणाले.

“काय सांगाल?”

हेडक्लार्कांनी सुरुवातीपासून आठवून पाहिलं. ओल. जबडा. फ्रीज. करंगळी. मध्येच कुठंतरी धागा सुटला, आणि पुन्हा पहिल्यापासून आठवावं म्हटलं, तर पहिलं काय होतं तेच आठवेना.

बाहेर कुणीतरी दार वाजवायला लागलं.

“सोडू नका,” ती म्हणाली.