सुलभाताईंचं तीन थरांचं कार्ड

सिल्वासाच्या त्या मराठी शाळेतून कुणीही निवृत्त होवो, शाल शाळेची, नारळ शाळेचा आणि कार्ड सुलभाताईंचं! सतरा वर्षं हेच चालू होतं. "माझ्या कार्डाशिवाय इथून कुणी निवृत्त होऊनच दाखवावं!" असं त्या स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगायच्या.

जूनमध्ये मुंबईहून नवी शिक्षिका मनीषा आली. येताना एक पेटी घेऊन आली. पेटीत रबरी छाप, कागदाची फुलंपानं कापायचे डाय, शेवयांच्या यंत्रासारखं हँडल फिरवायचं छोटंसं मशीन आणि जलरंगाच्या पेन्सिली. रंगवायचं, वरून ओला ब्रश फिरवायचा, की झालं चित्र! स्टाफरूममधल्या कावेरीबाईंच्या वाढदिवसाला तिने तीन थरांचं कार्ड दिलं. फुलं कागदातून वर उठलेली!

"अगं बाई, खरीच वाटतात गं!" कावेरीबाई चित्कारल्या. गेल्या वर्षी सुलभाताईंनी दिलेल्या कार्डावर मात्र याच बाईंनी जेवणाचा डबा ठेवला होता.

सुलभाताईंच्या पोटात दुखायला लागलं. अगदी खरंखुरं. ओवा चावून खाल्ला, तरी थांबेना.

त्यातच मुख्याध्यापक रघुनाथसर सोमवारी निवृत्त होणार होते. सरांचं कार्ड हातचं गेलं, तर सतरा वर्षांचा मान गेला! शनिवारी शाळा सुटल्यावर सुलभाताईंनी स्टाफरूमच्या कपाटातली ती पेटी 'नुसती बघायला' म्हणून पिशवीत घातली आणि वर पालकाची जुडी ठेवली.

घरी त्यांनी हँडल गरागरा फिरवलं, फुलं कापली, थरावर थर चढवले.

"अगं, चष्मा तरी लाव," राखोलीच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला निघालेले त्यांचे यजमान जयवंतराव म्हणाले.

"का? ती मनीषा लावते चष्मा?"

"ती सव्वीस वर्षांची आहे!"

"म्हणजे मी म्हातारी झाले?"

जयवंतरावांनी डबा उचलला आणि बस पकडली.

शेवटी कोपरे रिकामे दिसायला लागले. पेटीत एक गोल छाप होता. कडेला वेल, मधे मुंग्यांच्या रांगेसारखी बारीक नक्षी. सुलभाताईंना तो फारच आवडला. त्यांनी चारी कोपऱ्यांत तो दाबून उठवला.

सोमवारी सकाळी लवकर जाऊन पेटी कपाटात परत ठेवली आणि कार्ड गुंडाळून भेटवस्तूंच्या टेबलावर. वर नाव टाकलं नाही. सर कार्ड उघडणार, "वा!" म्हणणार आणि सगळा हॉल सुलभाताईंकडे वळून बघणार, ही नेहमीची पद्धत!

सरांनी कार्ड उघडलं. "वा!" म्हणाले. सुलभाताईंनी पदर सारखा केला. सरांनी चष्मा वर सरकवून कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि माईकवरून वाचलं, "मनीषाच्या हातचं!"

सुलभाताईंचा हात पदरावरच राहिला.

"इथेही मनीषाच्या हातचं! आणि इथेही! अहो, चारी कोपऱ्यांत!"

"सर, मी नाही केलं हे!" मनीषा गडबडली.

"किती तो विनय!" कावेरीबाई म्हणाल्या. "नाहीतर काही जण एका कार्डासाठी सगळ्या शाळेला वेठीला धरतात."

'मी केलंय! मी!' हे सुलभाताईंच्या अगदी ओठांवर आलं. पण मग पेटीचंही सांगावं लागलं असतं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्यांनाही वाजवाव्या लागल्या!

कार्यक्रमानंतर मनीषा त्यांच्याजवळ येऊन बसली.

"सुलभाताई, मी सरांसाठी कार्ड केलंच नव्हतं हो. म्हटलं, तो मान तुमचा."

सुलभाताईंनी बशीतला समोसा मोडायला घेतला.

"पण ज्यांनी कुणी केलंय ना, त्यांचा हात माझ्याहून सुरेख आहे. फक्त त्यांना एक सांगा." मनीषाने हलकेच तळहात पुढे केला. "हे माझ्या पेटीत राहिलं होतं."

सुलभाताईंनी पर्समधून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि नीट निरखून बघितलं.

पालकाचं पानच होतं!