उन्हानं काढलेली सांडशी

आमच्या शेजारच्या भालेरावांच्या बनियनवर, बरोबर पाठीच्या मधोमध, एक सांडशी होती. हातानं रंगवलेली नव्हे. त्यांच्या स्वयंपाकघरातली खरी, त्याच मापाची, गडद निळ्यावर पांढरी. सकाळी ते बनियन घालून ते नळावर उभे राहत आणि कुणी पाठीकडे बघतंय असं वाटलं की वळून सांगत, "उन्हानं काढलीय, मास्तर. मी फक्त ठेवली."

मास्तर म्हणजे मी. चिंचवडला आमच्या दोन खोल्या आणि त्यांच्या दोन खोल्या यांच्यात एकच भिंत होती आणि तिच्यातून सगळं ऐकू यायचं. त्या दोन घरांतलं विचारून खात्री करावी असं आता कुणी उरलेलं नाही, तेव्हा आठवतं तसं लिहितो.

भालेराव एका कारखान्यात यंत्रांच्या नकाशांच्या निळ्या प्रती काढायचे. पुढे तिथं अमोनियाचं मशीन आलं आणि जुनी निळी पद्धत बंद पडली. उरलेल्या पावडरीच्या दोन बरण्या साहेबांनी रीतसर गेटपास देऊन त्यांना घरी नेऊ दिल्या. साहेबांना वाटलं, माणूस आठवण म्हणून नेतोय.

घरी मोरीला पडदा लावून भालेराव त्या पावडरी पाण्यात कालवत. तो पिवळट रस उशीच्या अभ्र्याला फासायचा, अंधारात सुकवायचा, वर एखादी वस्तू ठेवून अंगणात उन्हात टाकायचा, मग साध्या पाण्यातून काढायचा. ऊन लागलं तिथं निळं, सावली पडली तिथं पांढरं. अभ्रे झाले, टॉवेल झाले, बसायचा पाट झाला. मग माठ घेतला. माठ गोल, म्हणून ते शेजारी बसून तो थोडा थोडा उन्हाकडे फिरवत. दुसऱ्या पाळीला निघालेली माणसं विचारत, "काय राव, भाजायला ठेवलाय का?"

बरणीवरच्या लांबलचक नावाच्या शेवटी 'सायनाइड' होतं. ते कुणीतरी वाचलं आणि चाळीतलं कुणी त्यांच्याकडे चहा घेईना. भालेरावांना त्याचं काही नव्हतं. बसायला माणसं आली की अंगणात सावली पडते, असं त्यांचं म्हणणं.

भाजीसुद्धा ते सावली बघून घ्यायचे. मेथीची जुडी उन्हात धरून जमिनीकडे बघत. दिघीहून येणारी एक म्हातारी त्यांना ओळखून होती. एकदा म्हणाली, "आवं, खायची हाय का नुसती बघायची?" भालेराव म्हणाले, "खायला बायको दुसरी आणेल. ही छापायची." माणसांचंही तेच. माझ्या धाकट्या मेहुण्याला पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं की तुमची सावली तुमच्यापेक्षा बरी आहे. जयंतीला वस्तीत निळे झेंडे लागले की छाती काढून म्हणत, "रंग आपलाच, मास्तर. मी फक्त तो उन्हातून काढतो."

या सगळ्याला एकच शत्रू होता. शांतावहिनी, त्यांची बायको. हा निळा रंग साध्या पाण्याला दाद देत नाही, पण धुण्याच्या सोड्यात पडला की बघता बघता पिवळट होऊन निघून जातो. भालेराव छापत आणि वहिनी सोड्यात बुडवत. सांडशीचं बनियन तेवढं वाचलं, कारण ते अंगातून काढतच नसत. दर आठवड्याला भिंतीपलीकडून तेच ऐकू यायचं.

"ऊन घालवलंस माझं."

"मग ठेवण्याजोगं काढा, ठेवीन."

तिनं एकदा तरी एखादं ठेवावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. एका दुपारी रस फासून उन्हात टाकलेल्या चादरीवर चाळीतलं मांजर येऊन झोपलं. धुतल्यावर पांढरं मांजर निघालं, कान-मिश्यांसकट. भालेराव ती चादर घेऊन घरोघर फिरले. माझी बायकोही म्हणाली, हे मात्र ठेवतील. वहिनींनी चादर दोन्ही हातांनी ताणून नीट पाहिली. "शेपटी हललीय," म्हणाल्या, आणि बादलीकडे गेल्या. पुढे कित्येक दिवस भालेराव अंगणात दुधाची वाटी घेऊन मांजराला न हलता झोपायला शिकवत होते.

एका हिवाळ्यात शांतावहिनी साध्याशा तापाचं निमित्त होऊन गेल्या.

भालेराव छापत राहिले. दोरीवर निळे अभ्रे, निळे टॉवेल, निळा पडदा. पुसणारं कुणी नव्हतं, त्यामुळे उन्हाळा संपेपर्यंत त्यांच्या घरात पांढरं काही राहिलं नाही. भिंतीपलीकडे आवाजही नव्हता.

मग एका सकाळी ते आमच्या दारात आले. हातात अभ्रा. त्यावर तीच सांडशी, पण इतकी रेखीव की तिच्या टोकाचे दाते दिसत होते. मी मनापासून म्हणालो, "भालेराव, हे ठेवण्यासारखं आलंय."

त्यांचा चेहरा पडला. माझ्या खांद्यावरून आत बघत त्यांनी विचारलं, "वहिनी, सोडा आहे का?"

माझी बायको बाहेर आली. तिनं अभ्रा घेतला, बादलीत सोडा टाकला आणि बुडवला. भालेराव कठड्याला टेकून बघत राहिले. निळं फिकं झालं, पिवळं झालं, सांडशी गेली.

"ऊन घालवलंत माझं," ते म्हणाले, आणि तसेच थांबले.

बायकोनं मान वर केली नाही. अभ्रा पिळता पिळता म्हणाली, "मग ठेवण्याजोगं काढा, भाऊजी. ठेवीन."

भालेरावांनी तो तिच्या हातातून घेतला, दोनदा झटकला आणि आमच्याच दोरीवर वाळत घातला.

"काढतो," म्हणाले. "उद्या ऊन बरं आहे."