खरातकाकांचा हिवाळा

संध्याकाळी साडेसातला बेल वाजली की माझी बायको दाराकडे न जाता फ्रीजकडे जायची. दार मी उघडायचो. समोर वरच्या मजल्यावरचे खरातकाका, हातात स्टीलचं भांडं.

"बर्फ आहे का रे, समीर?"

एकटा राहणारा माणूस रोज संध्याकाळी बर्फ मागतो म्हटल्यावर मला यायची ती शंका आलीच. सोडा हवाय का, असंही मी विचारून पाहिलं.

"सोडा कशाला? कुंडीत घालायचाय!" काका म्हणाले.

कुंडीत शहाजिरं होतं. ते पहिल्या वर्षी नुसती पानं धरतं आणि थंडी खाल्ली तरच दुसऱ्या वर्षी फुलतं, अशी माहिती काकांनी मला उभ्या उभ्या दिली.

"पण काका, नाहूरला कुठली थंडी?"

"म्हणून तर तुझ्या दारात आलोय ना!"

काका निवृत्त ड्राफ्ट्समन. त्यांनी कुंडीचा उभा छेद ट्रेसिंग पेपरवर काढला होता, बर्फाच्या थरासकट. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाणही होता. सोसायटीच्या कमिटीने तो पाहिला असता, तर कुंडीसाठी परवानगीचा अर्ज मागितला असता.

शहाजिरंच का, तर चूक वाण्याच्या दुकानात झाली. काकू गेल्यावर काका पहिल्यांदाच मसालेभात करायला निघाले. शहाजिरं किती लागतं हे कधी विचारलंच नव्हतं. दुकानात ऐटीत म्हणाले, "पाव किलो द्या." भाताला लागलं चिमूटभर. उरलेल्याकडे बघत महिना घालवल्यावर त्यांनी त्यातलं थोडं पेरलं.

"काका, शहाजिरं बाजारात मिळतं," मी एकदा म्हणालो.

"रिक्षा पण मिळते. म्हणून तू सकाळी चालायला जायचं सोडलंस का?"

मी सोडलं होतं, पण ते सांगितलं नाही.

शेपूसारखी कोवळी पानं आली, तेव्हा काकांनी मोजून पाच काड्या आमच्या आमटीसाठी आणल्या. आमटी खाऊन आम्ही काय म्हणतो ते ऐकायला साडेनऊपर्यंत बसले. बर्फ वितळला. बायकोने दुसरा दिला.

फेब्रुवारीत त्यांचा पाय मुरगळला. बर्फ पोचवायला मीच वर गेलो. ते आत पलंगावर होते.

"कुंडीत घाल," आतून आवाज आला. "उरला तर फ्रीजरमध्ये ठेव... नको, नको! राहू दे तिथेच!"

तोवर मी फ्रीजर उघडला होता. आत चार ट्रे होते. चारही काठोकाठ बर्फाने भरलेले.

मी दार हळूच लावलं. उरलेला बर्फ बेसिनमध्ये ओतला आणि म्हणालो, "सगळा लागला, काका."

"लागणारच," ते म्हणाले. "थंडी कमीच पडतेय."

पाय बरा झाल्यावर पुन्हा साडेसातला बेल वाजू लागली. पण मार्चचं ऊन तीन दिवस सलग तापलं आणि कुंडीतली पानं आडवी झाली. काका जिन्यात भेटले. "प्रकल्प बंद," एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे न बघता वर गेले.

त्या संध्याकाळी बेल वाजली नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या दिवशी साडेसात वाजून गेल्यावर बायकोने आमचंच एक भांडं माझ्या हातात दिलं.

"जा ना."

मी वर जाऊन बेल वाजवली.

"काका, बर्फ आहे का?"

त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कशाला?"

"सरबताला."

"किती जणांना?"

"तिघांना."

"तुम्ही तर दोघंच."

"तुम्हाला धरून."

काका आत गेले. ट्रे आपटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग आणखी दोनदा. तिघांच्या सरबताला चार ट्रे बर्फ लागत नाही. मी भांडं दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. काका पायात चपला सरकवत होते.