साखरेच्या डब्याखालचं कार्ड

चहा करायला म्हणून घड्याळजींनी साखरेचा डबा उचलला आणि त्याखाली एक कार्ड निघालं. अक्षर बायकोचं: ‘त्याचे ते हात पाहिले आणि मी वेडी झाले. आज संध्याकाळी सगळं सोडून त्याच्यामागे निघणार.’

आता खरी गोष्ट सांगून टाकतो. बाई वाचनालयाच्या मंडळात जात. तिथला नियम असा, की वाचलेल्या पुस्तकाचा सारांश गोष्टीतल्या माणसाच्या तोंडून, ‘मी’ म्हणून, कार्डावर लिहायचा. या वेळी होती एक जुनी ऑस्ट्रियन लघुकादंबरी. जुगाराच्या टेबलावर एका तरुणाचे हात बघून एक घरंदाज बाई एका दिवसात सगळं सोडायला निघते. हे सगळं बाईंनी नवऱ्याला सांगितलंही होतं. पण तेव्हा स्वारी डोळ्याला भिंग लावून बसलेली, आणि भिंग लागलं की यांचे कान बंद!

बाई घरात नव्हत्या. घड्याळजींनी मेव्हणीला फोन लावला.

“तुझी ताई संध्याकाळी कुठे जाणारेय?”

“वाचनालयात, सहाला. जाऊ द्या हो भावजी. किती वर्षांनी जिवाची हौस करतेय बिचारी!”

म्हणजे मेव्हणीही सामील! घड्याळजींनी कार्ड पुन्हा वाचलं. हात, हात... कुणाचे हात? मग आठवलं. गेल्याच आठवड्यात बायको म्हणाली होती, “त्या दातांच्या डॉक्टरांचे हात काय हलके आहेत हो!”

संध्याकाळी ते तडक दवाखान्यात घुसले. संतापानं जबडा आवळलेला, तोंडातून शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, “बोलू नका, चेहराच सांगतोय सगळं,” आणि खुर्चीत बसवून इंजेक्शन टोचलंसुद्धा. दाढ किडलेली होतीच. ती निघेपर्यंत घड्याळजी छताकडे बघत पडले होते. अकरा वर्षांपूर्वी ते सहा महिने अंथरुणाला खिळले, तेव्हा हिनं दुकान चालवलं होतं. घड्याळांतले केसाएवढे स्क्रू बसवायला शिकली. एकदाही आभार मानले नाहीत आपण. गेली तर कुठल्या तोंडानं थांबवणार? आणि तेही अर्धं बधिर!

तोंडात कापसाचा बोळा धरून ते वाचनालयात पोचले. त्या कादंबरीवर निघालेल्या तीन सिनेमांतले प्रसंग दाखवणं चालू होतं. अंधारात काही दिसेना, तेव्हा घड्याळजी थेट पडद्यापुढे उभे राहिले आणि कार्ड फडकवत ओरडले, “आऊ ओको! ऊ ओतीस अणून ई आहे!”

सिनेमातली नायिका त्यांच्या शर्टावर रडत होती. मंडळी पोट धरून हसायला लागली. ग्रंथपाल बाई धावल्या. “अहो, हे कार्ड पुस्तकाचं आहे! शोधत होतो आम्ही!”

घड्याळजी कार्डाकडे बघत राहिले. आता गुपचूप निघून जायचं की नाही? पण गडी हटला नाही. दोन्ही हात जोडून तसाच बोबड्या बोलीत मिनिटभर बोलत राहिला.

मागच्या रांगेतून बायकोचा आवाज आला, “अहो, बाजूला व्हा, लोकांना दिसत नाहीये. इकडे या.” बाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. डोळे मात्र पदरानं पुसत होत्या.

ग्रंथपाल बाईंनी हळूच विचारलं, “काय म्हणाले हो ते?”

“माझ्या आजारपणात तू दुकान सांभाळलंस, त्याचे आभार मानायचे राहिले होते, म्हणाले.”

“एवढं कळलं तुम्हाला? आम्हाला तर एक अक्षर लागलं नाही!”

“अकरा वर्षं वाट बघत होते हो मी,” बाई म्हणाल्या, “न कळून कसं चालेल?”