औषधवाल्यांना पथ्य

आज संध्याकाळपर्यंत आपण डॉक्टर होणार, याबद्दल मिनलला तिळमात्र शंका नव्हती. दारावर लावायची 'डॉ. मिनल' ही पाटीसुद्धा तिने भाईंदरला करायला टाकली होती. पाच वर्षं मीरा रोडच्या कॉलेजात उंदरांच्या मेंदूमागे घालवल्यावर एवढी घाई माणसाला शोभते!

"एकदम सोप्पं आहे, मॅडम," ती परीक्षक इशिता मॅडमना सांगत होती. "मेंदूत आठवणींचे निरोप पोचवणारं एक रसायन असतं. माझं औषध त्यालाच अडवतं. हे बारा पांढरे उंदीर या भुलभुलैयातली शेंगदाण्यांपर्यंतची वाट महिनाभर घोकतायत. डोक्यावर पिवळा ठिपका असलेल्या सहांना मघाशी औषध टोचलंय. ते वाट विसरणार! बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. ते धावत सुटणार!"

"आणि नाही धावले तर?"

"धावतीलच! सकाळपासून उपाशी ठेवलेत."

कोपऱ्यात उभ्या राघोकाकांना एकदम ठसका लागला. काका म्हणजे उंदरांचे राखणदार. रोज मुर्ध्याहून यायचे, पिंजरे धुवायचे आणि उंदरांची जावयासारखी बडदास्त ठेवायचे.

पहिला बिनठिपक्याचा उंदीर सोडला. तो दोन पावलं चालला, मिशा पुसल्या आणि आडवा झाला! दुसऱ्याने तर जागचं हलायचेही कष्ट घेतले नाहीत. तिसरा पहिल्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपला.

मॅडमनी चष्मा वर केला. "मिनल, औषध नक्की कुणाला दिलंयस?"

"न... नर्व्हस झालेत, मॅडम! आता हा पिवळा बघा, कसा भरकटतो ते!"

पिवळा कसला भरकटतोय! त्याने नाक वर केलं, हवा हुंगली, शेंगदाण्यांकडे ढुंकूनही न बघता भिंत ओलांडली, टेबलावरून उडी मारली आणि राघोकाकांच्या पँटवरून सरसर चढत थेट खिशात! दुसरा पिवळाही त्याच मार्गाने गेला. तोपर्यंत मॅडम खुर्चीवर चढल्या होत्या.

"हा विसरलाय?" त्या वरूनच ओरडल्या. "अगं, याला तर पत्ता पाठ आहे!"

"काका," मिनलने बोट दाखवलं, "खिशात काय आहे?"

काकांनी खिशातून एक मोदक काढला. त्याला दोन उंदीर लोंबकळत होते.

"आज माघी गणपती न्हाय का, बाई! आमच्याकडं देवाच्या वाहनाला भरवल्याबिगर बायको मंदा कुणाला जेवू देत न्हाय. मग हितं तर बारा वाहनं!"

"म्हणजे सगळ्यांना मोदक चारलेत?"

"छे छे! तेवढं कळतं की मला. पिवळ्यांचं औषध चालू हाय, त्यांना पथ्य! त्यांच्या वाटचा जपून ठेवला होता, औषध उतरलं की देणार होतो."

मिनलला रडूच फुटलं. पण रागावणार तरी कुणावर? पाच वर्षांत एक दिवस न चुकता तिच्या उंदरांसाठी येणारा हा एकटाच माणूस होता.

मॅडम खाली उतरल्या आणि पेन पर्समध्ये ठेवून दिलं. "प्रबंधावर सही आज नाही. प्रयोग पुन्हा करून दाखव. पंधरा दिवसांनी, मंगळवारी."

"चालेल, मॅडम! काका, त्या दिवशी उंदरांना कण द्यायचा नाही. कळलं?"

काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "काळजीच सोडा! मंगळवारी अंगारकी हाय. पिवळे असू देत न्हायतर पांढरे, माझ्यासकट सगळ्यांना कडक उपास!"

मिनलचा जीव भांड्यात पडला. पाटीवाल्याला पंधरा दिवस थांबायला सांगावं म्हणून तिने फोन लावला.

"फकस्त सकाळच्याला साबुदाण्याची खिचडी देईन," काका मागून म्हणाले. "आणि रताळ्याचे काप. उपासाला चालतं!"

"हॅलो भाऊ," मिनल फोनवर हळूच म्हणाली, "पाटीवर नुसतं 'मिनल' टाका. नावाच्या आधी थोडी जागा सोडा."